वेदिका वर होती, एवढंच

मित्रांनो, माझ्याकडे कुणी मोठं माणूस यायला लागलं की मी आधी त्याचे हात बघते. हाताला धरून लहान मूल आणलेलं असेल तर ठीक. पण हातात मोजायची टेप असेल तर मी सावध होते. टेप घेऊन आलेला माणूस आजवर कधी घसरायला बसलेला नाही.

मी घसरगुंडी आहे. लोखंडाची, उंच आणि बऱ्यापैकी जुनी. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला एक सोसायटी आहे, तिच्या बागेच्या कोपऱ्यात मी उभी असते. माझं तोंड चिकूच्या झाडाकडे आहे. शिडी पाठीला आहे, आणि पाठीमागे एक उंच भिंत. भिंतीपलीकडे गाड्यांचं पार्किंग. पाठीमागचं मला दिसत नाही. तिथलं मला फक्त ऐकू येतं. शिडीवर कोण चढलं ते मात्र मला पायांवरून कळतं. घाबरलेलं मूल दोन्ही पाय एका पायरीवर ठेवतं आणि मग पुढची पायरी घेतं. धीट मूल टाच टेकवतच नाही.

माझा जन्म अंबडच्या एमआयडीसीत झाला, फॅब्रिकेशनच्या एका शेडमध्ये. माझ्या शेजारी बंगल्यांची गेटं आणि खिडक्यांची ग्रिलं तयार होत होती. ती सगळी कुणाला तरी आत येऊ न देण्यासाठी घडवलेली. म्हणून ती माझ्याकडे जरा नवलाने बघत असावीत. मला घडवणारा बहिरू सुरगाण्याकडचा होता. पत्रा घासून झाल्यावर त्याने माझ्यावरून उलटा हात फिरवला आणि मालकाला ओरडून सांगितलं, "हत्ती बसला तरी हलायची नाय ही!" मला लाल रंग दिला, टेम्पोत आडवं घातलं आणि इथे आणून जमिनीत गाडलं.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. सोसायटी नवी होती, बाग उघडी होती, चिकूचं झाड माझ्या गुडघ्याएवढं होतं. संध्याकाळी मुलांची रांग लागायची. पोरांच्या चड्ड्यांनी माझा पत्रा असा गुळगुळीत झाला की त्यात आभाळ दिसायचं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पत्र्यात शिरायची तेव्हा पहिलं बसणारं मूल किंचाळायचं, आणि बाकीचे हसून लोळायचे. वर पोचलेलं प्रत्येक मूल पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बोट दाखवून काहीतरी ओरडायचं. तेव्हा मला कुणाचा संशय येत नसे.

मग हळूहळू मुलं कमी झाली आणि मुलांबरोबर येणाऱ्या आया वाढल्या. पूर्वी आया गॅलरीतून हाका मारायच्या. आता त्या खाली येऊन माझ्याभोवती उभ्या राहू लागल्या. जवळच्याच एका नव्या सोसायटीत प्लॅस्टिकची घसरगुंडी आली होती, पिवळी आणि बुटकी. तिचं नाव माझ्यासमोर वारंवार निघू लागलं. "काळजी वाटते म्हणून बोलते," असं म्हणून कुणी वाक्य सुरू केलं की ते माझ्या उंचीवर येऊन थांबायचं.

या आयांमध्ये तिघींची ओळख तुम्हाला करून द्यायला हवी.

पहिली मीना. सोसायटीची सेक्रेटरी. तिचा मुलगा मयूर लहानपणी माझ्यावर खेळला, आता पुण्याला होस्टेलवर असतो. मूल मोठं झालं तरी मीना रोज बागेत यायची आणि सगळ्यांच्या मुलांवर लक्ष ठेवायची.

दुसरी निकिता. तिचा सुयश सिनियर केजीत. निकिताच्या खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली, खाऊचे दोन डबे, टोपी, रुमाल, जास्तीची चड्डी, मलम. सुयशने माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की ती म्हणायची, "नको राजा, मोठा झालास की." सगळ्या आया तिचं कौतुक करायच्या. आई असावी तर अशी, असं मीना तर तिच्या तोंडावर म्हणायची. मला मात्र एक गोष्ट खटकायची. हे कौतुक ऐकताना निकिता कधी हसत नसे.

तिसरी हर्षाली. ती मूळची मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. ओझरच्या बाजूला द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये ती नोकरी करते. संध्याकाळी ऑफिसच्या चपला तशाच, घामेजलेली, ती सरळ बागेत यायची आणि माझ्या घसरणीच्या कडेवर टेकायची. तिची वेदिका तिसरीत. वेदिका माझ्या शिडीवर टाच न टेकवता चढते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

हर्षालीची अडचण अशी होती की तिला जे वाटायचं ते ती बोलून टाकायची.

"मला मुलांबरोबर खेळायला कंटाळा येतो बाई," ती एकदा म्हणाली. "भातुकलीतला तो खोटा चहा किती वेळा प्यायचा?"

एक-दोघी हसल्या. मीना हसली नाही.

"शाळेचं प्रोजेक्ट मी करून देत नाही," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "परवा वेदिकाचा ज्वालामुखी वर्गात सगळ्यांत वाकडा होता. पण तिचा होता."

"बाई काय म्हणाल्या?" निकिताने विचारलं.

"आईने लक्ष द्यावं, म्हणाल्या."

रिटर्न गिफ्ट देणार नाही म्हणाली. भूक लागली की मूल मागेल म्हणाली. कोपऱ्यावरच्या दुकानात वेदिकाला एकटीला पाठवू लागली. आणि एकदा, चिकूच्या झाडाकडे बघत, जरा हळू आवाजात म्हणाली, "आई झालं की रोज आनंदच होतो असं काही नाही. काही दिवस नुसते ढकलायचे असतात."

हर्षाली उठून गेल्यावर मीना म्हणाली, "अशा आया मी बघितल्यात. पोरं रानात सोडल्यासारखी सोडतात, आणि एक दिवस दुसऱ्याच्या पोराला निस्तरावं लागतं."

निकिता पिशवीची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. तिचं मत काय आहे ते मला कळेना. जी बाई आपलं मत सांगत नाही तिच्यावर मी लक्ष ठेवते.

त्याच सुमाराला एक नवी गोष्ट माझ्या पाठीवर घडू लागली. संध्याकाळी, बाकीच्या आया बागेच्या दुसऱ्या टोकाला चालत असताना, शिडीवर वेदिकाचे पाय यायचे आणि त्यांच्या मागोमाग एक नवे पाय. लहान, पायमोजे घातलेले, दोन्ही एका पायरीवर ठेवणारे. पहिल्या दिवशी एक पायरी, काही दिवसांनी दोन. मग कुणाची तरी चाहूल लागली की ते पाय घाईघाईने उतरायचे. ते सुयशचे होते. त्याची आई त्या वेळी कुठे असायची हे मला ठाऊक नव्हतं. एवढी जपणारी आई रोज थोडा वेळ नाहीशी होते म्हणजे काय, हा विचार मला छळायचा.

आणि मग ती संध्याकाळ आली.

मीनासह बऱ्याच आया गेटपाशी भाजीच्या गाडीवर होत्या, हर्षाली अजून ऑफिसमधून आली नव्हती. वेदिका माझ्या माथ्यावर उभी होती. सुयशचे पाय शिडीवर होते, आजवर कधी नव्हते एवढे वर. "शेवटची," वेदिका म्हणाली. "हात दे." तेवढ्यात पाठीमागून जोरात आरोळी आली, "सुयश!" आणि माझ्या शिडीवरून ते लहान पाय नाहीसे झाले. आरोळी आधी आली की पाय आधी सुटले, हे इतकं एकदम झालं की मला सांगता येईना. मला पाय कळतात, हात कळत नाहीत. वेदिकाचा हात त्या क्षणी काय करत होता, हे मला कळलं नाही.

निकिताने रडणाऱ्या सुयशला माझ्या पुढच्या बाजूला आणलं. कपाळातून रक्त येत होतं आणि डावा हात त्याने पोटाशी धरला होता. निकिता त्याला छातीशी धरून वर बघत होती. गेटपाशी उभ्या असलेल्या आया भाजीच्या पिशव्यांसकट धावत आल्या. मीनाने वर बघितलं. वर वेदिका होती.

"तू काय केलंस?" मीनाने विचारलं.

वेदिका काहीच बोलली नाही. निकिताही काही बोलली नाही. तिने सुयशला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

कपाळाला टाके पडले, हाताला प्लॅस्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीना माझ्यासमोर उभी राहून दुसऱ्या एका आईला सोसायटीच्या ग्रुपवर आलेला निकिताचा मेसेज वाचून दाखवत होती. "सुयश आता बरा आहे. नक्की कसं झालं ते मला माहीत नाही. वेदिका वर होती, एवढंच."

एवढंच! मित्रांनो, या शब्दापासून सांभाळा. तो पिशवीच्या तोंडाला बांधलेल्या दोरीसारखा असतो. आत काहीतरी असल्याशिवाय कुणी दोरी बांधत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ठरून गेलं होतं. वेदिकाने ढकललं. आई लक्ष देत नाही, मग पोर असंच होणार. काही जणी म्हणाल्या, पोरीचा दोष नाही, या लोखंडाच्या सांगाड्याचा आहे. बहुतेकींना दोन्ही पटलं. माझ्या शिडीला दोरी गुंडाळली, पुठ्ठ्यावर 'वापर बंद' लिहून लटकवलं. एक माणूस टेप घेऊन आला, त्याने माझी उंची मोजली, माझ्या पायांपाशी वाकून बघितलं आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "गॅस कटर लागेल." रविवारी सकाळी बागेत मीटिंग घ्यायचं ठरलं.

वेदिका रोजच्यासारखी आली. ती झोक्यावर बसली तेव्हा शेजारच्या झोक्यावरची मुलगी उतरून गेली. वेदिकाने थोडा वेळ झोका घेतला, मग पाय जमिनीला टेकवून तशीच बसून राहिली. तिचा मला राग येत होता आणि तिची दयाही येत होती. कारण खरं सांगायचं तर मलाही ती शंका होती. त्या हाताचं काय, हे मलाच माहीत नव्हतं.

हर्षाली ऑफिसमधून आली. मेसेज तिनेही वाचला होता. बागेत शिरताच तिला बाकीचंही कळलं, कारण तिच्याशी बोलायला कुणी थांबलं नाही. ती माझ्या घसरणीच्या कडेवर टेकली आणि वेदिकाला जवळ बोलावलं.

"खरं सांग. ढकललंस?"

"नाही."

"चुकून धक्का लागला?"

"नाही."

"मग पडला कसा?"

वेदिका पत्र्यावरचा गंज नखाने खरवडू लागली.

"तू अशी गप्प बसलीस की मला वेगळंच वाटायला लागतं, वेदू."

"तू म्हणतेस ना, मुलांवर विश्वास ठेवायचा म्हणून?" वेदिका म्हणाली. "मग ठेव की."

हर्षालीने मुलीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मीनाच्या डोळ्यांत होतं तसंच होतं. तिलाही शंका आली होती. आणि वेदिकाला ती दिसली. ती वळली आणि घराकडे चालू लागली. आई मागून येतेय की नाही हेही तिने बघितलं नाही.

शनिवारी दुपारी बाग ओस होती. ऊन तापलं होतं. हर्षाली वेदिकाला घेऊन आली आणि माझ्या शिडीची दोरी सोडू लागली.

"मला दाखव," ती म्हणाली. "तू कुठे होतीस, तो कुठे होता. मी रागावणार नाही. मला फक्त बघायचंय."

वेदिका चढली. तिच्यामागे हर्षाली स्वतः चढू लागली. मित्रांनो, कितीतरी वर्षांत माझ्यावर मोठ्या माणसाचे पाय आले नव्हते. माझे सांधे करकरले. पण तिने टाच टेकवली नाही. मनमाडच्या क्वार्टरमागे ती कशाकशावर चढली असेल, ते मला त्या पायांवरून समजलं. दोघी वरच्या फळीवर एकमेकींना चिकटून बसल्या.

"मी इथे होते," वेदिका म्हणाली. "तो खाली, त्या पायरीवर. मी हात दिला होता."

"असा?"

"असा. आणि त्याने धरला पण होता."

हर्षाली फळीवरच भिंतीपलीकडे वळली. मग तिचा आवाज बदलला. "ती निकिताची गाडी ना? करड्या रंगाची? आणि आत... आत निकिता बसलीये का?"

"हो."

"या उन्हात? एकटीच?"

"ती रोज बसते," वेदिका म्हणाली. "संध्याकाळी पण. सीट मागे करते आणि डोळे मिटते. खालून दिसत नाही, इथून दिसतं. ती गाडीत गेली की सुयश माझ्याकडे यायचा. त्याला वर यायचं होतं. मी त्याला शिकवत होते. त्याने मला शप्पथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. आईला ओरडा बसेल म्हणाला."

"आईला? कुणाचा?"

"आजीचा. ती गाडीत बसते म्हणून."

वेदिका आता सलग बोलू लागली. "त्या दिवशी निकिताकाकू लवकर बाहेर आल्या. त्यांनी बघितलं आणि जोरात ओरडल्या. सुयश दचकला. त्याने मागे बघितलं आणि माझा हात सोडला. मी धरला होता, आई. त्यानेच सोडला. मग काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या रडत होत्या. मला वाटलं, त्याच सांगतील."

आता मला कळलं. आरोळी आधी आली होती.

"मी तुझ्यावर शंका घेतली," हर्षाली म्हणाली.

"हो."

"चुकलं माझं."

"आता मी उतरू का? गरम होतंय."

वेदिका घसरून खाली गेली. तिच्यामागे हर्षालीही शिडीकडे न वळता घसरतच आली, मध्ये जरा अडकली, हातांनी स्वतःला पुढे ढकललं आणि खाली पोचली. मग ती भिंतीतल्या छोट्या फाटकातून पार्किंगकडे गेली. मला तिच्या चपला ऐकू आल्या. काच ठोठावल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठोठावलं. लॉक उघडल्याचा खटका, दार उघडलं, दार बंद झालं. त्यानंतर मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मी कान लावून राहिले. भांडतायत का? हर्षाली उद्या सगळ्यांसमोर हिचं नाव घेणार आहे, असं सांगतेय का? की दोघी मिळून सगळा दोष माझ्या माथी मारायचं ठरवतायत? माझ्यावर टाकणं सगळ्यांत सोपं होतं. मला काही बोलता येत नव्हतं आणि गॅस कटर तर आधीच सांगून ठेवलेला होता. हर्षाली परत आली तेव्हा तिचा चेहरा मला नीट दिसला, पण त्यावरून काहीच कळेना. तिने शिडीला दोरी पुन्हा गुंडाळली, घट्ट गाठ मारली आणि मुलीला घेऊन गेली. ती गाठ मला मुळीच आवडली नाही.

रविवारी सकाळी सगळे जमले. पुरुष मंडळींना मिसळीला जायची घाई होती, त्यामुळे ते उभेच होते. मीनाने सुरुवात केली. "विषय दोन आहेत. एक ही घसरगुंडी. आणि दुसरा... मुलांच्या वागण्याचा."

हर्षाली वेदिकाच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी होती. ती बोलणार म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. तिने तोंड उघडलं नाही. माझी खात्री पटली की सगळं संपलं.

तेवढ्यात निकिता पुढे आली. आज तिच्या खांद्यावर पिशवी नव्हती.

"वेदिकाने ढकललं नाही," ती म्हणाली. "तिने त्याला हात दिला होता. मी मागून ओरडले, म्हणून तो दचकला आणि पडला. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अगं पण तू मेसेज टाकलास ना..." मीना म्हणाली.

"ती वर होती, असं टाकलं. ते खोटं नव्हतं. म्हणूनच टाकता आलं."

एक आई पुढे येऊन म्हणाली, "पण तू होतीस कुठे?"

"गाडीत."

"काही काम होतं?"

"नाही. बसले होते. मी रोज बसते." निकिता सांगत राहिली. "गाडीत मला कुणी आई म्हणून हाक मारत नाही. तेवढाच वेळ. हर्षाली इथे बसून जे बोलायची ना, ते सगळं मला पटायचं. पण तुम्ही माझं एवढं कौतुक करायचात की मला बोलायची भीती वाटायची. आणि त्या दिवशी मी विचार केला, वेदिकावर आलं तर येऊ दे, तिच्या आईला कुठे काही वाटतं." ती वेदिकाकडे वळली. "वाटतं. मला माहीत होतं वाटतं. सॉरी, बाळा."

कुणीतरी मागून हसलं. "गाडीत एसी लावून बसते," असं एक पुरुष दुसऱ्याला म्हणाला. त्याच्या बायकोने वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो मोबाइल काढून त्यात बघू लागला.

मग मीना बोलली. मला वाटलं होतं, ती आता निकितावर तुटून पडेल. पण ती हर्षालीकडे बघत होती.

"तुझं बोलणं मला लागायचं," ती म्हणाली. "तुझा तो वाकडा ज्वालामुखी. मयूरचे सगळे प्रोजेक्ट मी केले, दहावीपर्यंत. तो अजून पुण्याहून फोन करून विचारतो, आई, आज कोणता शर्ट घालू? लोक हसतात. मला बरं वाटतं. तो विचारतो तेव्हा मला फार बरं वाटतं. हे मी तुझ्यासमोर बोलले असते तर तू हसली असतीस की नाही?"

हर्षाली म्हणाली, "हसले असते, मीनाताई."

"मग?" मीना म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसू लागली.

माझा निकाल त्या मानाने लवकर लागला. काढायची नाही, पण एवढी उंच ठेवायचीही नाही. पुढच्या आठवड्यात गॅस कटर घेऊन माणूस आलाच. त्याने माझी शिडी आणि पाय खालून कापले, दोन पायऱ्या गेल्या. कठडे मात्र वाढवले. खाली वाळू टाकली. मला गुलाबी रंग दिला. मला कुणी विचारलं असतं तर मी लालच सांगितला असता. रंग देणाऱ्याने वरची बाजू चकचकीत केली आणि पोटाखालचा गंज तसाच ठेवला, कारण तिथे कुणी वाकून बघत नाही. आता वर चढलेल्या मुलांना डोंगर दिसत नाही. पार्किंग अजून दिसतं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. एक-दोन घरांनी आपल्या मुलांना वेदिकाबरोबर खेळायला अजून सोडलेलं नाही. सुयशच्या आजीने त्याला बरेच दिवस बागेत पाठवलं नाही. मीना आणि हर्षाली एकमेकींशी बोलतात, पण जपून बोलतात. हर्षाली आता मत सांगून झालं की थांबते आणि समोरचीच्या तोंडाकडे बघते. ही सवय तिला नवीन लागली आहे.

प्लॅस्टर निघाल्यावर सुयश आला. निकिताही आली. पहिल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून तो थांबला आणि म्हणाला, "आई, तू तिकडे बघ. इकडे बघू नकोस."

निकिता वळून चिकूच्या झाडाकडे बघत उभी राहिली. मला तिचा चेहरा समोर दिसत होता. डोळे गच्च मिटलेले, हाताच्या मुठी आवळलेल्या. पाठीमागे शिडीवर लहान पाय एक-एक पायरी चढत होते. वेदिका खाली वाळूत बसली होती. तिने हात पुढे केला नाही. तो वर पोचला, बसला, आणि माझ्यावरून सरकत वाळूत येऊन आपटला.

"बघू का आता?" निकिताने विचारलं.

"अजून नको," सुयश म्हणाला आणि धावत पुन्हा शिडीकडे गेला.

मित्रांनो, मी संशयी आहे आणि या वयात बदलणार नाही. टेपवाल्यांना मी ओळखून आहे. पण तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. खेळून झालं की एकदा खाली वाकून माझ्या पोटाखाली बघा, गंज दिसला तर घरी जाऊन सांगा. आणि तुमची आई कुठे एकटी बसलेली दिसली, गाडीत, गच्चीवर किंवा नुसती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, तर काय झालं म्हणून लगेच धावत जाऊ नका. काही झालेलं नसतं. तिला बसू द्या.